सुपरहिरोपटातले अश्रू : चाहता आणि समीक्षक नेमके कशावरून भांडतात

इंदूरच्या मराठी घरांत सिनेमावरून होणाऱ्या वादांपैकी एक वाद दर नव्या सुपरहिरोपटाबरोबर पुन्हा वर येतो. सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगांची सवय असलेली मोठी माणसे विचारतात, की लोखंडी चिलखत घालून आकाशात उडणाऱ्या माणसाच्या मरणावर कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने डोळे पुसावेत असे त्यात आहे तरी काय. आणि नातू उत्तर देतो, ‘आजोबा, तुम्ही आधीचे भाग बघितलेच नाहीत, मग तुम्हाला ते कसे कळणार?’ प्रश्न खरा आहे आणि उत्तरही खरे आहे. जगभरचे समीक्षक आणि चाहते गेली अनेक वर्षे मोठमोठ्या शब्दांत जे भांडण भांडत आहेत, ते मुळात याच दोन वाक्यांचे आहे. ते सोप्या भाषेत उलगडून पाहायचे असेल, तर त्यासाठी लागणारी सर्वांत उपयोगी साधने आपल्याच रसशास्त्रात आहेत असे मला वाटते, आणि म्हणून हा लेख हॉलिवूडइतकाच ‘नाट्यशास्त्रा’चे कर्ते भरतमुनी आणि त्यांचे भाष्यकार अभिनवगुप्त यांच्याविषयीही आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन 1938 साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. पुढच्याच वर्षी बॅटमॅन आला, आणि 1962 साली स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनी स्पायडर-मॅन आणला, ज्याला अफाट शक्ती मिळूनही घरातल्या पैशांची चणचण, म्हाताऱ्या काकूची काळजी आणि शाळेतला एकटेपणा सुटत नव्हता. रिचर्ड डॉनर यांच्या 1978 सालच्या ‘सुपरमॅन’ने या कथांना मोठ्या पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून दिली. पण आजच्या वादाचे मूळ 2008 सालात आहे. त्या वर्षी क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’ आला आणि त्याच वर्षी ‘आयर्न मॅन’ने एका सलग कथामालेची सुरुवात केली. ही कथामाला तिच्या बाविसाव्या चित्रपटापर्यंत, म्हणजे 26 एप्रिल 2019 रोजी प्रदर्शित झालेल्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’पर्यंत, अखंड चालली. 2008 साली बारा वर्षांचा असलेला मुलगा ‘एंडगेम’ पाहताना तेवीस वर्षांचा होता. ही साधी वजाबाकी पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावी.

वादात सर्वांत आधी फेकल्या जातात त्या टक्केवाऱ्या, आणि त्यांच्याविषयीचा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटापुढे 90 टक्के लिहिलेले असते, तेव्हा बहुतेक जण त्याला शंभरपैकी नव्वद गुण असे समजतात. तसे ते नसते. जेवढ्या समीक्षकांची परीक्षणे मोजली, त्यांपैकी किती जणांचे मत एकंदरीत अनुकूल आहे, एवढेच तो आकडा सांगतो. समजा शंभर समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला दहापैकी सहा गुण दिले, म्हणजे ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ असे म्हटले, तर त्याची टक्केवारी शंभर दिसू शकते. दुसऱ्या चित्रपटाला साठ समीक्षकांनी दहापैकी दहा दिले आणि चाळीस जणांनी तीन दिले, तर त्याची टक्केवारी साठच राहते, जरी पुढच्या पिढ्या कदाचित त्या दुसऱ्याच चित्रपटाची आठवण ठेवणार असतील. म्हणून ही टक्केवारी सौम्य पसंतीला मोठे करते आणि तीव्र मतभेदाला लहान करते. सगळ्यांना थोडाथोडा आवडेल अशा बेताने बांधलेला मालिकापट या मोजणीत आपोआप वर जातो, हे चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

प्रेक्षकांची मोजणीही निर्दोष नसते. अमेरिकेत ‘सिनेमास्कोर’ ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना मत विचारून श्रेणी काढते. पण पहिल्याच रात्री तिकीट काढून येणारा माणूस तटस्थ नसतो, तो आधीपासूनच त्या नायकाच्या प्रेमात असतो. 2016 सालच्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ला अनुकूल परीक्षणे तीस टक्क्यांच्या आसपास मिळाली, पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांनी त्याला मधली ‘बी’ श्रेणी दिली आणि जगभरातून त्याने सुमारे 87 कोटी डॉलर जमवले. या तिन्ही आकड्यांत कोणताही विरोध नाही, कारण पहिला आकडा समीक्षकांची संमती मोजतो, दुसरा चाहत्यांची समजूत मोजतो आणि तिसरा केवळ कुतूहल मोजतो. पडद्यावरच्या एखाद्या क्षणी गळा का दाटून येतो, हे यांपैकी एकाही मोजणीतून कळत नाही.

ते कळण्यासाठी भरतमुनींच्या प्रसिद्ध सूत्राकडे जावे लागते : विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, म्हणजे प्रेक्षकाला भावनेचा आस्वाद मिळतो. विभाव म्हणजे भावनेला कारण होणारी गोष्ट. त्यात जिच्यामुळे भावना उत्पन्न होते ती व्यक्ती आलंबन, आणि भावना चेतवणारे वातावरण, वस्तू, प्रकाश, नाद हे उद्दीपन. अनुभाव म्हणजे भावना शरीरावर उमटते ती खूण, आणि व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेच्या पोटात येऊन जाणाऱ्या लहान भावना. या सगळ्यांच्या मुळाशी एक स्थायी भाव असतो, जसा करुणाचा शोक आणि वीराचा उत्साह.

आता ‘एंडगेम’मधला टोनी स्टार्कचा, म्हणजे आयर्न मॅनचा, मृत्यू या चौकटीत ठेवून पाहावा. आलंबन स्वतः टोनी आहे, पण तो केवळ त्या तीन तासांतला टोनी नाही. 2008 साली जो शस्त्रांचा चैनी व्यापारी म्हणून आपल्याला भेटला, ज्याने पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस पत्रकारांसमोर ‘मीच आयर्न मॅन’ असे बढाईने जाहीर केले, तोच हा माणूस आहे. मरणापूर्वी तो तेच वाक्य उच्चारतो. शब्द जवळपास तेच असले तरी आता त्यांत बढाई उरलेली नसते, आपली किंमत मोजायची तयारी असते. नाट्यशास्त्रात वीराचे दानवीर, धर्मवीर आणि युद्धवीर असे तीन प्रकार सांगितले आहेत. टोनीचा अकरा वर्षांचा प्रवास हा युद्धवीरापासून दानवीरापर्यंतचा प्रवास आहे, आणि ज्याने तो चढ पायरीपायरीने पाहिला त्यालाच शेवटच्या पायरीची उंची जाणवते.

उद्दीपनाची योजना तर त्याहून बारीक आहे. टोनीच्या छातीतला निळसर दिवा पहिल्या चित्रपटापासून त्याच्या जिवंतपणाची खूण म्हणून आपण पाहत आलो आहोत, आणि या प्रसंगात तो दिवा विझतो. पुढे अंत्यसंस्काराच्या प्रसंगी पाण्यावर सोडलेल्या फुलांच्या चक्रात तेच पहिले यंत्र ठेवलेले असते, ज्याच्याभोवती ‘टोनी स्टार्कला हृदय आहे याचा पुरावा’ अशा अर्थाची अक्षरे कोरून पेपर या त्याच्या सहकारी आणि पुढे पत्नी झालेल्या स्त्रीने ते त्याला एकेकाळी भेट दिले होते. त्या भेटीत तेव्हा थोडी थट्टा होती. अकरा वर्षांनी त्याच वस्तूवरची थट्टा गळून पडते आणि अक्षरे खरी होतात. अनुभावही असेच संयमी आहेत. शत्रूचा नाश करणारी, पण स्वतःचाही जीव घेणारी बोटांची टिचकी वाजवल्यानंतर टोनी जवळजवळ काही बोलत नाही. आयुष्यभर तोंडाळ असलेल्या माणसाचे गप्प होणे हाच इथला सर्वांत मोठा अनुभाव आहे. पेपर रडत कोसळत नाही, ती त्याला आता विसावा घ्यायला सांगते आणि त्यानंतरच स्वतःला सोडते. दिग्दर्शक अँथनी आणि जो रुसो यांच्या इतर निर्णयांविषयी मतभेद असू शकतात, पण या काही मिनिटांची बांधणी उत्तम आहे, आणि तिला नुसती ‘पोरांची भावुकता’ म्हणणे अन्यायाचे आहे.

मग हेच पाहून एखादा जाणता समीक्षक कोरडा का राहतो? याचे उत्तर सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरात, अभिनवगुप्तांच्या नाट्यशास्त्रावरील भाष्यात मिळते. रसाचा अनुभव येण्यात सात विघ्ने येऊ शकतात असे त्यांनी सांगितले आहे. त्यांतले पहिले म्हणजे संभावनाविरह, अर्थात समोर घडते ते संभवनीयच न वाटणे. ज्याला ते संभवनीय वाटत नाही, त्याचे मन तिथे टेकतच नाही, मग रस दूरच राहिला. या विघ्नावर त्यांनी दिलेला उपाय फार महत्त्वाचा आहे : लोकसामान्य नसलेली, अचाट कृत्ये दाखवायची असतील तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, कारण त्याची अखंड प्रसिद्धी प्रेक्षकाच्या मनात आधीच दृढ विश्वास रुजवून बसलेली असते. समुद्रावर सेतू बांधणारा अनोळखी माणूस खोटा वाटेल, पण राम खोटा वाटत नाही.

सुपरहिरोंच्या कथामालेने नेमके हेच केले आहे. तिने अकरा वर्षे खर्च करून नव्याने प्रसिद्धी निर्माण केली. ज्या तरुणाने एकेक चित्रपट पाहत ती प्रसिद्धी मनात साठवली, त्याच्यासाठी उडणारे चिलखत हे विघ्न राहिलेले नाही. आणि जो थेट बाविसाव्या चित्रपटाला येऊन बसला, त्याच्यासाठी ते विघ्न जसेच्या तसे शाबूत आहे. त्याची रसिकता कमी आहे असा याचा अर्थ होत नाही. समीक्षकाची शिस्त त्याला सांगते की कलाकृती तिच्या स्वतःच्या चौकटीत उभी राहिली पाहिजे, तीन तासांत जे दिसले त्यावरच तिचा निवाडा व्हावा. चाहता मात्र तीन तासांसोबत अकरा वर्षेही तराजूत टाकतो. दोघांचे वजनमाप वेगळे असल्यामुळे निकाल वेगळा येतो, आणि दोघेही समोरचा फसवतो आहे असे समजतात.

चाहत्याच्या बाजूनेही विघ्न असते, आणि तेही अभिनवगुप्तांनी नोंदवले आहे. निजसुखादिविवशीभाव असे त्याचे नाव आहे. स्वतःच्याच सुखदुःखात प्रेक्षक इतका बुडालेला असणे की समोरच्या नाट्याकडे त्याचे मन जातच नाही. आवडता नायक पडद्यावर येताच शिट्ट्या आणि टाळ्यांचा जो कल्लोळ उठतो, त्यात पुष्कळदा आपल्या बालपणाचा, मित्रांसोबत घालवलेल्या काळाचा आनंद असतो, चित्रपटाचा नसतो. जुन्या चित्रपटातला एखादा संवाद पुन्हा ऐकवला, जुना नट क्षणभर दाखवला, की चित्रपटाने काहीही कमावले नसताना प्रेक्षक स्वतःच्या आठवणींवर हळवा होतो. ‘एंडगेम’मध्ये सर्व वीर एकाएकी परत येतात त्या प्रसंगाआधी, फाल्कन कॅप्टन अमेरिकाला ‘तुझ्या डावीकडे’ अशी हाक देतो. 2014 सालच्या चित्रपटात त्यांच्या पहिल्या भेटीत थट्टेने आलेले हेच शब्द इथे मदतीचा दिलासा होऊन येतात, म्हणून ते बीज खरोखर उगवते. परंतु त्यानंतरच्या अनेक चित्रपटांत निव्वळ ओळख पटवून टाळ्या घेण्याचा जो प्रकार वाढला, त्यावर समीक्षकांनी घेतलेला आक्षेप मला पूर्णपणे रास्त वाटतो.

हे विघ्न वाढले की ते कुरूपही होते. 2012 साली बॅटमॅन मालिकेतला नोलन यांचा शेवटचा चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच प्रतिकूल परीक्षण लिहिणाऱ्या समीक्षकांना धमक्या देण्यात आल्या, आणि ‘रॉटन टोमॅटोज’ला त्या परीक्षणांखालच्या प्रतिक्रिया थांबवाव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तेव्हा चित्रपट पाहिलेलाही नव्हता, कारण तो लोकांसाठी खुलाच झाला नव्हता. याच्या उलट, ‘जस्टिस लीग’ची मूळ दिग्दर्शकाच्या मनातली आवृत्ती मिळावी म्हणून चाहत्यांनी जी मोहीम चालवली, तिच्यात कटुता होतीच, पण मुलीच्या निधनानंतर काम सोडावे लागलेल्या झॅक स्नायडर यांच्याविषयीची सहानुभूतीही होती, आणि त्या चाहत्यांनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी निधीही उभारला. 2021 साली ती 242 मिनिटांची आवृत्ती अखेर प्रदर्शित झाली. चाहत्यांच्या प्रेमाच्या या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी मत बनवू नये.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो. ऑक्टोबर 2019 मध्ये ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, ते मनोरंजन उद्यानांसारखे आहेत असे म्हटले आणि जगभर गदारोळ झाला. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी त्याहून कठोर शब्द वापरले. चाहत्यांनी बहुधा ती एक ओळच वाचली. नोव्हेंबरमध्ये स्कॉर्सेसी यांनी सविस्तर लेख लिहून आपले म्हणणे मांडले, आणि त्यात आपण तरुण असतो तर आपल्यालाही कदाचित हे चित्रपट आवडले असते, अशी मोकळी कबुलीही दिली. त्यांचा खरा मुद्दा असा होता, की या चित्रपटांत काहीही पणाला लागलेले नसते. सगळे आधी पारखून, चाचण्या घेऊन, ठरावीक मागण्या पुरवण्यासाठी बांधलेले असते, आणि त्यामुळे त्यांत खरा भावनिक धोका उरत नाही.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासाठी पुन्हा नाट्यशास्त्र कामी येते. करुण आणि विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातले प्रेम, या दोन्हींत विरह, अश्रू, चिंता सारखीच दिसते, मग दोघांत फरक काय, या प्रश्नाला भरताने उत्तर दिले आहे. विप्रलंभ सापेक्ष असतो, म्हणजे त्यात पुन्हा भेट होण्याची आशा शिल्लक असते. करुण निरपेक्ष असतो, त्यात ती आशा संपलेली असते. शेवट आधी माहीत असण्याने करुणाला बाधा येत नाही. गणेशोत्सवातल्या कीर्तनात अभिमन्यूचे आख्यान लागले की तो चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी डोळे पाणावतात, कारण कीर्तनकार दुसऱ्या दिवशी त्याला जिवंत करून आणत नाही. करुणाला बाधा येते ती मृत्यू मागे घेता येण्याने.

सुपरहिरोंच्या कथांची ही जुनी दुखरी जागा आहे. 1992 साली कॉमिक्समध्ये सुपरमॅनचा मृत्यू झाला, त्या अंकाच्या लाखो प्रती खपल्या, आणि पुढच्याच वर्षी तो परतला. 2018 सालच्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये अर्धे विश्व धूळ होते आणि किशोरवयीन पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, टोनीच्या मिठीत, आपल्याला जायचे नाही असे म्हणत विरून जातो. स्पायडर-मॅनचा पुढचा चित्रपट येणार हे तेव्हाच जाहीर होते. मग तो प्रसंग का हलवतो? कारण तिथला शोक पीटरच्या मरणाचा नसून टोनीच्या असहायतेचा आहे. पीटर परत येईल हे आपल्याला ठाऊक असते, टोनीला नसते, आणि त्याच्या रिकाम्या हातांवरची राख हा अनुभाव खरा असतो. तरीही भरताच्या कसोटीवर हा प्रसंग सापेक्षच ठरतो. टोनीचा स्वतःचा मृत्यू मात्र निरपेक्ष होता, आणि म्हणूनच तो वेगळ्या जातीचा होता.

इथेच व्यापार आड येतो. 2017 सालच्या ‘लोगन’मध्ये ‘एक्स-मेन’ या वीरगटातला वुल्व्हरिन मरतो आणि लहानगी लॉरा त्याच्या थडग्यावरचा क्रूस तिरपा करून त्याचे ‘एक्स’ हे अक्षर बनवते. या प्रकारातला इतका शांत आणि पूर्ण शेवट क्वचितच झाला असेल, आणि ऑस्कर देणाऱ्या अकादमीनेही त्या चित्रपटाच्या पटकथेला नामांकन दिले. 2024 साली तेच थडगे उकरून एका विनोदी चित्रपटाची सुरुवात केली गेली आणि तोच नट दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन म्हणून परत आला. त्याच वर्षी जुलैमध्ये टोनीची भूमिका करणारे रॉबर्ट डाउनी ज्युनिअर कथामालेत खलनायक डॉक्टर डूम म्हणून परतणार असल्याचे जाहीर झाले. पात्र वेगळे आहे हे खरे. पण ज्या चेहऱ्याचा निरोप घेताना आपण रडलो तोच चेहरा पुन्हा विक्रीला ठेवला, तर जुना निरोप मागाहून सापेक्ष होतो की नाही, यावर चाहत्यांमध्येच दोन तट आहेत. माझ्या मते पडद्यावर झालेला मृत्यू त्या चित्रपटापुरता अबाधित राहतो. मात्र पुढच्या मृत्यूंवरचा विश्वास नक्कीच कमी होतो, आणि प्रसिद्धीतून मिळवलेली जी पुंजी अभिनवगुप्तांनी रसाचा आधार मानली, ती अशा परतीच्या फेऱ्यांत खर्ची पडते.

समीक्षेने दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट चाहत्यांनी मनापासून ऐकली पाहिजे. 1973 साली स्पायडर-मॅनच्या कॉमिक्समध्ये ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, तो जाळे फेकून तिला पकडतो, आणि त्या झटक्यानेच तिची मान मोडते. वाचवण्याच्या कृतीतच मरण दडलेले असणे ही शोकांतिकेची थोर कल्पना आहे, आणि तिचा पडसाद 2014 आणि 2021 सालच्या चित्रपटांतही उमटला. 2021 मध्ये 2014 च्या चित्रपटातला तोच पीटर दुसऱ्या मुलीला वेळेवर झेलतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यासाठी तो चित्रपट लक्षात राहतो. पण नायकाला दुःख व्हावे म्हणून त्याच्या प्रेयसीला मारायचे, ही पुढे युक्तीच बनून गेली. 1999 साली गेल सिमोन यांनी कॉमिक्समध्ये अशा रीतीने मारल्या गेलेल्या, जखमी झालेल्या किंवा शक्ती हिरावलेल्या स्त्री-पात्रांची यादीच इंटरनेटवर मांडली, आणि ती वाचताना शरम वाटावी इतकी लांब होती. अशा कथांत ती स्त्री आलंबन राहतच नाही, ती नायकाच्या शोकाचे केवळ उद्दीपन होते. ‘एंडगेम’मध्येही नताशा रोमानॉफ ही नायिका टोनीइतकेच मोठे बलिदान करते, परंतु तिला अंत्यसंस्काराचा प्रसंग मिळत नाही, तळ्याकाठी उभ्या सहकाऱ्यांच्या थोड्याशा संवादावर तिची बोळवण होते. हा आक्षेप बाहेरच्या समीक्षकांइतकाच निष्ठावान चाहत्यांनी घेतला, हे नोंदवण्यासारखे आहे.

सात विघ्नांत अप्रधानता नावाचेही एक विघ्न आहे : प्रधान काय आणि गौण काय याचा घोळ होणे. सुपरहिरोपटांच्या शेवटच्या अर्ध्या तासात शहर कोसळते, आकाशात भोक पडते, शेकडो आकृत्या एकमेकांवर आदळतात आणि कोणाच्या भावनेला धरून राहावे हेच उमगत नाही. समीक्षक याला कंटाळतात, आणि खरे सांगायचे तर चाहतेही घरी पुन्हा पाहताना तो भाग पुढे ढकलतात. याउलट सॅम रेमी यांच्या 2004 सालच्या ‘स्पायडर-मॅन 2’मधला आगगाडीचा प्रसंग पाहावा. गाडीचे ब्रेक गेले आहेत, स्पायडर-मॅन दोन्ही बाजूंच्या इमारतींना जाळी चिकटवून स्वतःच्या शरीराने तिला अडवतो, आणि गाडी थांबताच शुद्ध हरपून खाली जाऊ लागतो. त्या क्षणी आतले प्रवासी हात बाहेर काढून त्याला धरतात, डोक्यावरून हातोहात आत नेतात आणि हलकेच खाली ठेवतात. मुखवटा उतरलेला असतो. हा तर पोरगाच आहे, माझ्या मुलाएवढा, असे एक जण म्हणतो. दोन लहान मुले मुखवटा परत करतात आणि कोणाला सांगणार नाही असे वचन देतात.

या प्रसंगात प्रधान काय आहे याविषयी क्षणभरही शंका येत नाही. शक्ती संपली आहे, आणि ज्यांना वाचवले त्यांनीच वाचवणाऱ्याला सावरले आहे. वीराचा उत्साह जिथे थकतो, तिथून करुण आणि वात्सल्य सुरू होते. 1978 सालच्या ‘सुपरमॅन’मध्येही सर्वांत खोल क्षण उड्डाणाचा नाही, वडील हृदयविकाराने जातात आणि एवढ्या सगळ्या शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही असे मुलगा म्हणतो, तो आहे. या प्रकारातले जे प्रसंग दोन्ही बाजूंना सारखेच आठवतात, त्यांत बहुधा शक्ती निरुपयोगी ठरलेली असते. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने ‘स्पायडर-मॅन 2’ला पूर्ण चार तारे दिले आणि 1978 नंतरचा या प्रकारातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची वाखाणणी केली, तेव्हा समीक्षक या चित्रपटांचा मुळातच द्वेष करतात हा समजही सोडून द्यायला हरकत नाही.

इंदूरच्या वाचकाला तर समीक्षक हा शत्रू वाटण्याचे काहीच कारण नाही. याच शहरात राहून श्रीराम ताम्रकर यांनी हिंदीतून आयुष्यभर चित्रपटलेखन केले, आणि जयप्रकाश चौकसे यांनी ‘परदे के पीछे’ हा दैनिक स्तंभ मार्च 2022 मधील निधनाच्या काही दिवस आधीपर्यंत, पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवला. चौकसे चित्रपट-वितरणाच्या व्यवसायातलेही जाणकार होते. त्यामुळे चित्रपटाचा धंदा आणि चित्रपटाची कला यांना एकाच लेखात शेजारी बसवणे त्यांना सहज साधत असे. इथल्या अनेक मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर तो स्तंभ वाचला जाई, आणि त्यातले मत न पटले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला जाई. परीक्षण वाचायची रीत हीच आहे. किती तारे दिले हे पाहून सोडून देण्यापेक्षा, लेखकाला कोणता प्रसंग भिडला आणि कोणता भिडला नाही, आणि त्याने त्याचे कोणते कारण दिले, हे पाहावे. कारण पटले नाही तरी आपल्याला तो प्रसंग का भिडला हे शब्दांत मांडण्याची गरज त्यामुळे निर्माण होते, आणि जो चाहता ते मांडू शकतो तो अभिनवगुप्तांच्या अर्थाने सहृदय झालेला असतो. कारण काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, त्यालाच ते सहृदय म्हणतात.

अकरा वर्षांची पुंजी नसताना, एकाच चित्रपटात हा रस उभा राहू शकतो का, असा प्रश्न उरतो. 2021 सालच्या ‘मिन्नल मुरली’ या मलयाळम चित्रपटाने त्याचे उत्तर दिले आहे. बेसिल जोसेफ यांनी दिग्दर्शित केलेल्या या कथेत केरळातल्या एका गावात एकाच रात्री दोन माणसांवर वीज पडते आणि दोघांनाही शक्ती मिळतात. एक गावातला शिंपी, जो नायक होतो. दुसरा शिबू, ज्याला सगळे गाव वेडसर समजून हिणवत आले आहे आणि जो उषा या स्त्रीवर कित्येक वर्षे मूकपणे प्रेम करत आला आहे. ती अखेर त्याला होकार देते तेव्हा गुरू सोमसुंदरम यांच्या चेहऱ्यावर हसणे आणि रडणे यांचे जे मिश्रण उमटते, ते पाहून शिबूने तोवर केलेले अपराध प्रेक्षक विसरत नाही, तरी त्याच्यासाठी हळहळतो. पुढे गावाच्या क्रोधात उषा जाते आणि शिबू पूर्णपणे खलनायक बनतो. इथे प्रसिद्धीचा आधार नाही, पुढच्या भागाचे आमिष नाही, प्रचंड खर्चही नाही. त्याऐवजी दिग्दर्शकाने शिबूच्या एकटेपणाला पहिल्यापासून वेळ दिला आहे, त्याचे घर, त्याची थट्टा, त्याचे न बोलता बघत राहणे हे सगळे धीराने दाखवले आहे, आणि म्हणून वीज पडण्याची घटना कितीही असंभाव्य असली तरी संभावनाविरहाचे विघ्न उभेच राहत नाही. मराठीत 2015 साली श्रेयस तळपदे यांना घेऊन निखिल महाजन यांनी ‘बाजी’द्वारे मुखवटाधारी वीराचा प्रयत्न केला होता, आणि तो प्रयत्न पुन्हा व्हावा अशी माझी फार इच्छा आहे, ज्याला तो करायचा असेल त्याने वीराच्या पोशाखावर आणि संगणकीय दृश्यांवर पैसा घालण्याआधी शिबूचा तो प्रसंग कसा बांधला आहे हे बारकाईने पाहावे.